विहिरीची तिसरी रेषा

भगवान मेश्राम रविवारी सकाळी मुलीला फोन करत ते ख्यालीखुशालीसाठी. त्या रविवारी मात्र त्यांनी "जेवलीस का" एवढंही विचारलं नाही.

"धम्मशीला, करंदीकर बाईंच्या हार्टचं ऑपरेशन ठरलंय आणि त्या नको म्हणतायत. कुणीतरी नाणी टाकून त्यांना घाबरवलंय म्हणे. तुझंच ते चायनीज. आज जाऊन ये आणि सांग त्यांना, हे सगळं थोतांड आहे."

"तुझंच ते चायनीज" यात जुनी कुरबुर होती. धम्मशीला केंब्रिजला प्राचीन चिनी भाषा शिकवायची. बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले तीन हजार वर्षांपूर्वीचे कौल वाचण्यात तिची हयात चालली होती. भगवान यांनी तरुणपणी नागपुरात घरातलं पंचांग बाहेर काढलं होतं. पुढे लंडनजवळच्या स्लाऊच्या विहारात कुणी मुहूर्त बघतोय असं कळलं, तर ते त्याला भर सभेत उभं करत. अशा माणसाची मुलगी दुसऱ्या देशाचं पंचांग घेऊन बसली होती. विहारात कुणी विचारलं तर ते सांगत, "हिस्टरी शिकवते."

"थोतांड म्हटलं की माणूस ते आणखी घट्ट धरतो, बाबा."

"मग काय म्हणणार आहेस?"

"त्यांना काय सांगितलंय ते आधी ऐकते."

सुहासिनी करंदीकर स्लाऊच्या एका शाळेत मॅथ्स शिकवायच्या. भगवान त्याच शाळेत लॅब टेक्निशियन होते. धम्मशीला दोन वर्षं बाईंच्या वर्गात होती. इतर शिक्षक तिचं नाव तोडूनमोडून घेत. बाई ते नीट उच्चारत आणि एरवी सगळ्यांसारखी तिलाही आडनावानं हाक मारत. नवरा गेल्यावर बाईंनी स्लाऊचं घर विकलं आणि त्या लंडनमधल्या एजवेअरला मुलीकडे, शिल्पाकडे राहायला आल्या.

दुपारी एजवेअर स्टेशनबाहेर शिल्पा गाडी घेऊन उभी होती. ती ऑप्टिशियन होती, धम्मशीलाहून दोन-तीन वर्षांनी मोठी. इथेच जन्मलेली.

"थँक्स फॉर कमिंग," ती गाडी चालू करत म्हणाली. "आईचा व्हॉल्व खूप नॅरो झाली आहे. बस स्टॉपवर ती फेंट झाली, यू नो? कन्सल्टंट म्हणाली, वेट करू नका. आणि आईनं प्री-ऑप अपॉइंटमेंट कॅन्सल केला. मला न सांगता!"

"आणि ती नाणी?"

"माझाच मिस्टेक. बर्थडेला माझ्या फ्रेंडनं तिला व्हाउचर दिलं. टॅरो, क्रिस्टल, सगळं असतं त्या दुकानात. मला वाटलं, थोडी मजा. ती बाई म्हणाली, दोर कमी पडणार, घागर फुटणार. तेव्हापासून आई गप्प आहे." सिग्नलला गाडी थांबली तशी ती धम्मशीलाकडे वळली. "तू फक्त सांग की रीडिंग चांगली आहे. लागलं तर खोटं बोल. आय डोन्ट केअर."

"खोटं बोलायला मी कशाला हवी? ते तूही करू शकतेस."

"मी ट्राय केलं," शिल्पा म्हणाली. "माझ्यावर ती विश्वास ठेवत नाही."

सुहासिनीबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेवग्याच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, बोलताना धाप लागत होती, पण नजर तीच होती, मागच्या बाकावरचं कुजबुजणंही न सुटणारी.

"ये, मेश्राम. तुझ्या वडिलांनी पाठवलं ना? त्यांना म्हणावं, मी वेडी झालेली नाही."

"ते वेडं म्हणाले नाहीत, बाई. हट्टी म्हणाले."

बाई हसल्या. शिल्पानं आत येताच त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली. "आई, मी करते, तू बस." बाईंनी हात मांडीवर ठेवले. धम्मशीलानं ते पाहिलं.

तिनं सरळच विचारलं, "बाई, तिथे काय झालं ते सांगता? पहिल्यापासून."

"तीन नाणी दिली. छापा पडला तर तीन, काटा पडला तर दोन. तिन्हींची बेरीज करायची, असं सहा वेळा. आठ, सात, नऊ, आठ, नऊ, आठ."

"तुम्हाला पाठ आहे?"

"आकडे विसरायला मी काय इतिहासाची शिक्षिका आहे?" त्यांनी शेंगांचा ढीग जवळ ओढला. "विषम आकडा म्हणजे अखंड रेघ, सम म्हणजे मधे तुटलेली. खालून वर मांडत जायचं." त्यांनी शेंगाच मांडायला घेतल्या. सर्वांत खाली शेंगेचे दोन तुकडे, त्यावर दोन अख्ख्या शेंगा, मग दोन तुकडे, मग एक अख्खी, सर्वांत वर पुन्हा दोन तुकडे. टेबलावर सहा रेषांची हिरवी आकृती तयार झाली. "आणि प्रत्येक फेकीत सहा किंवा नऊ येण्याची शक्यता चारात एक. मी तिथेच काढली. त्या बाईला ठाऊक नव्हतं."

"जुन्या काळी नाणी नव्हती. गवताच्या पन्नास काड्या वाटत बसायचे. त्यात नऊ यायची शक्यता सोळात तीन आणि सहाची सोळात एक."

बाई ताठ बसल्या. "मग दोन्ही पद्धतींचं उत्तर सारखं कसं धरतात?"

"धरू नये. मी त्यावर लिहिलंय. पाठवते."

शिल्पानं सुरी बोर्डवर जरा जोरातच ठेवली. तिला शक्यता नको होत्या.

धम्मशीला आकृतीकडे वळली. "ही विहीर. खाली लाकूड, वर पाणी. घागर खाली जाते आणि पाणी वर आणते. कौलाच्या जुन्या चिनी ग्रंथात चौसष्ट आकृत्या आहेत, त्यांतली ही एक. त्या बाईनं तुम्हाला काय वाचून दाखवलं?"

"दोर पुरला नाही, घागर फुटली, अशुभ. मी म्हटलं, माझं हार्टचं ऑपरेशन आहे. तर ती म्हणाली, मग झालंच, घागर म्हणजे तुमचं हृदय."

"आणि हे दोन नऊ?" धम्मशीलानं खालून तिसऱ्या आणि पाचव्या शेंगेवर बोट ठेवलं. "यांचं काय सांगितलं?"

"त्यांचं काय असतं?"

"सगळं त्यांचंच असतं. सात आणि आठ स्थिर असतात, त्या रेषा गप्प बसतात. नऊ म्हणजे अखंडपणा पिकून टोकाला गेला, आता तो तुटणार. ती बदलती रेषा. कौल बोलतो तो तिच्या तोंडून. आणि त्या रेषा बदलल्या की अख्खी आकृती बदलते, दुसरी होते. तुमच्या त्या बाईनं गणिताचं पहिलं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहून टाकलं."

"वर्किंग न दाखवता," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"हो. पण वाचण्याआधी एक विचारायचंय. नाणी टाकताना तुम्ही मनात प्रश्न काय धरला होता?"

"ऑपरेशनचा, ऑफकोर्स," शिल्पा ओट्याकडून म्हणाली.

सुहासिनीबाईंनी वरचा एक तुकडा सरळ होता तो पुन्हा सरळ केला.

"बाई?"

"ऑपरेशनचा नाही," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनचं मी नाणी टाकून झाल्यावर सहज बोलले. माझा प्रश्न वेगळा होता."

"काय होता?"

"माझा आता कुणाला काही उपयोग आहे का?"

शिल्पाचा हात थांबला.

"आणि उत्तर आलं, घागर फुटली," बाई पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी वर्गातल्यासारखा, कोरडा होता. "मग मी विचार केला. छाती कापायची, महिनोन्‌महिने दुसऱ्यांनी माझं करायचं, एवढा खटाटोप कशासाठी? तुम्हाला सगळ्यांना वाटतंय मी भ्याले. मी भ्यालेली नाही. मी हिशेब केला."

"आई!" शिल्पा वळली. "मी तुला कधी असं म्हटलं? एकदा तरी?"

"तू काही म्हणत नाहीस, बाळा. तू माझ्या हातातून सुरी काढून घेतेस."

"तू दमतेस म्हणून!"

"वीरच्या मॅथ्सला ट्यूटर ठेवलास. ऑनलाइन. मी वरच्या खोलीत बसलेली असताना."

शिल्पा खुर्ची ओढून बसली. मुलगा अभ्यासात मागे पडतोय म्हणून तिनं शिकवणी लावली होती. आजारी आईला त्रास नको, एवढाच विचार तिनं केला होता. ती ते सांगू लागली आणि अर्ध्यावर थांबली. डोळे पुसायला तिनं ओट्यावरचा टॉवेल घेतला.

धम्मशीलानं घाई केली नाही. तिच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी भविष्य ऐकायला येई, आणि पहिल्याच तासाला ती सांगे की ते इथे मिळणार नाही. नाण्यांना काही कळतं असं तिनं कधी मानलं नव्हतं. पण समोरच्या बाईंनी एक प्रश्न विचारला होता आणि त्यांना उत्तराचा तुकडाच मिळाला होता. उरलेलं उत्तर मजकुरात काय आहे ते तिला ठाऊक होतं.

"वाचू?" तिनं विचारलं.

"वाच."

"पहिलं वाक्य त्या बाईनं अर्धंच सांगितलं. गाव उठवून दुसरीकडे नेता येतं, विहीर नेता येत नाही, असं ते सुरू होतं. ती आटत नाही, उतू जात नाही. लोक येतात, जातात, पाणी काढतात. मग येतं, दोर तोकडा पडला, घागर फुटली तर वाईट. यात विहिरीत काही खोट आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. खोट दोराची."

बाईंची नजर शेंगांवर होती.

"आता तिसरी रेषा, पहिली बदलती. विहीर उपसलीय, गाळ काढलाय, पाणी स्वच्छ आहे आणि कुणी पीत नाही. याचं वाईट वाटतं, असं ती रेषा म्हणते. काढता आलं असतं ते पाणी. कुणी ओळखलं असतं तर सगळ्यांचंच भलं झालं असतं."

सुहासिनीबाईंनी तिसऱ्या रेषेच्या शेंगेवर बोट ठेवलं.

"मी विद्यार्थी असताना ही ओळ पहिल्यांदा वाचली," धम्मशीला म्हणाली, "तेव्हा लायब्ररीतून उठून बाहेर गेले होते. माझ्या आजीच्या गावात विहीर होती. भरलेली, स्वच्छ. आजीला तिच्या काठावर पाय ठेवता येत नसे. कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चीनमधल्या माणसाला हे कुठून कळलं, असं वाटलं मला. त्याला आमचं काही ठाऊक नव्हतं. पाणी असून न मिळणं एवढंच त्याला माहीत होतं. म्हणून मी हा विषय घेतला. बाबांना अजून सांगितलेलं नाही."

"आमच्या आजोळीही विहीर होती," सुहासिनीबाई हळूच म्हणाल्या. धम्मशीलानं पुढे काही विचारलं नाही. दोघींना ते वाक्य पुरेसं होतं.

"पाचवी रेषा," बाईच म्हणाल्या. "ती राहिली."

"पाचवीत झरा थंड आहे, नितळ आहे, आणि लोक पितायत. एवढंच. तिसरीत कुणी पीत नाही, पाचवीत पितात. पाणी तेच. आता दोन्ही रेषा बदलायच्या. अखंड आहेत त्या तुटतील."

तिनं शिल्पाकडे पाहिलं. शिल्पानं उठून सुरी आणली आणि आईच्या हातात दिली. सुहासिनीबाईंनी दोन्ही शेंगा मधोमध कापल्या, तुकडे जागच्या जागी ठेवले. आता सहापैकी एकच रेषा अखंड उरली, खालून दुसरी.

"वर जमीन, खाली पाणी. या आकृतीचं नाव सैन्य."

"सैन्य?" शिल्पा म्हणाली. "लाइक, वॉर?"

"मूळ अर्थ पुष्कळ माणसं, एकत्र चाललेली. जमिनीखालच्या पाण्यासारखी, दिसत नाहीत पण असतात. आणि मजकूर म्हणतो, त्यांना जाणतं, वडीलधारं माणूस पुढे लागतं, मग चांगलं होतं." धम्मशीला किंचित हसली. "त्याच अक्षराचा आणखी एक अर्थ आहे. शिक्षक."

"हे तू आत्ता बनवलंस," सुहासिनीबाई म्हणाल्या.

धम्मशीलानं फोनवर शब्दकोश उघडून समोर धरला. बाईंनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"पण तो अर्थ मी धरणार नाही," धम्मशीला म्हणाली. "शिक्षक हा अर्थ नंतर आला. ही आकृती रचली तेव्हा सैन्यच होतं. तुम्हाला आवडेल म्हणून मला तो आत घुसवता येणार नाही."

"शाबास," बाई म्हणाल्या.

शिल्पा पुढे झुकली. "पण ओव्हरऑल चांगली आहे ना? म्हणजे ऑपरेशन कर, असंच सांगतंय ना ते?"

एक "हो" म्हटलं असतं तर काम झालं असतं. ज्यासाठी वडिलांनी पाठवलं होतं, ज्यासाठी शिल्पानं स्टेशनवर गाडी आणली होती, ते त्या एका शब्दावर होणार होतं. धम्मशीलाला मोह झाला नाही असं नाही.

"नाही," ती म्हणाली. "ऑपरेशनचं यात काहीच नाही. त्या बाईनं 'नाही' म्हणून घुसवलं ते चूक होतं, मी 'हो' म्हणून घुसवलं तर तेही तितकंच चूक. बाई, या मजकुराला व्हॉल्व म्हणजे काय ते माहीत नाही. तो धोका किती, फायदा किती, हे सर्जनला विचारा. आणि तुमचा जो प्रश्न आहे त्याचं उत्तरही नाणी देणार नाहीत. ते या घरानं द्यायचंय. तुम्ही प्रश्न मोठ्यानं विचारलात, एवढं मात्र नाण्यांमुळे झालं."

सुहासिनीबाईंनी सगळ्या शेंगा एकत्र करून पातेल्यात टाकल्या.

"शिल्पा, उद्या त्या कन्सल्टंटला फोन लाव. बोलणार मी. तू मधे बोलायचं नाहीस. माझ्या वयाच्या बायकांमध्ये किती जणी वाचतात, किती जणींना स्ट्रोक येतो, काहीच केलं नाही तर वर्षभरात काय होतं, सगळं मला आकड्यांत हवंय."

"ओके, आई."

"आणि तो ट्यूटर बंद."

"आई, तू आधी बरी हो..."

"आजपासून बंद. मी बसून शिकवते, धावत नाही."

शिल्पा रडता रडता हसली. "ओके. आज बंद."

संध्याकाळी केंब्रिजच्या ट्रेनमध्ये धम्मशीलाचा फोन वाजला. भगवान यांनी शिल्पाकडून सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तू कौल वाचून आलीस?"

"हो. पूर्ण वाचला."

"मी तुला त्यासाठी पाठवलं नव्हतं."

"बाबा, तुम्हीच विहारात सांगता, एखादं पुस्तक नाकारायचं असेल तर आधी वाचून नाकारा. त्या बाईनं न वाचता भीती घातली. मी वाचून ती भीती काढली. भविष्य सांगितलं नाही मी."

भगवान म्हणाले, "शिल्पा म्हणाली, आजीच्या विहिरीचं काहीतरी बोललीस."

"बोलले."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, बाबा. तुम्ही हिस्टरी सांगत होतात लोकांना."

"हं," भगवान म्हणाले. मग धम्मशीलानंच विचारलं, "बाई आणि तुम्ही इतकी वर्षं एका शाळेत होतात. त्या आपल्या घरी एकदाही कशा आल्या नाहीत?"

"मी बोलावलं नाही," भगवान म्हणाले. "बोलावलं असतं तर येतात की नाही ते कळलं असतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं."

सुहासिनीबाईंनी कन्सल्टंटकडून आकडे घेतले, ते पुन्हा तपासून घेतले आणि होकार दिला. ऑपरेशन नीट झालं. दोन दिवस त्यांना भ्रम झाल्यासारखं होत होतं, त्यात त्यांनी एका नर्सला अपूर्णांकांवरून रागावल्याचं शिल्पानं नंतर सांगितलं. मग हळूहळू त्या उठल्या, जिना चढू लागल्या, बस स्टॉपपर्यंत एकट्या जाऊ लागल्या. वीर त्यांच्याशी भांडत भांडत समीकरणं सोडवू लागला.

वसंत आला, डॅफोडिल्स फुलली तेव्हा भगवान मेश्राम एजवेअरला गेले. कोट घालून गेले होते. "विहारातली पोरं मॅथ्समध्ये गटांगळ्या खातायत," ते म्हणाले. "शनिवारी याल का? आणि आधी आमच्याकडे जेवायला या."

"येते," बाई म्हणाल्या. त्यांना विचार करावा लागला नाही.

शनिवारी धम्मशीलाही स्लाऊला आली होती. तिची आई द्रौपदी हिनं पाटवडीचा रस्सा केला होता, नागपुरी, डोळ्यांतून पाणी काढणारा. सुहासिनीबाईंना तिखटाची सवय नव्हती. त्यांचं नाक लाल झालं, तरी त्यांनी पुन्हा वाढून घेतला. इतक्या वर्षांबद्दल कुणी काही बोललं नाही. एकदा बाईंनी "भगवानराव," असं म्हणून चमचा खाली ठेवला. भगवान म्हणाले, "आधी जेवा, गार होतंय," आणि बाई जेवल्या.

मग त्या विहारात गेल्या. व्हाइटबोर्ड खाली बसवलाय, मार्कर सुकलेत, मागची मुलं पुढे येऊन बसा, असं सांगून त्यांनी पहिल्याच तासाला टेस्ट घेतली. निम्म्याहून जास्त मुलं नापास झाली. त्या संध्याकाळी भगवान यांचा फोन खाली ठेवला की वाजत होता. विहाराचा सेक्रेटरी संघर्ष तर तावातावानं म्हणाला, "माझी ईशिता शाळेत टॉपला आहे, तिला बारा मार्क?"

"बाईंशी बोल," भगवान म्हणाले. "पण जपून. पुढच्या शनिवारी पालकांचीही टेस्ट घेणार आहेत म्हणे."